डिस्क वाचता येत नाही

प्रिय सोन्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या छातीत धस्स झालं असेल, म्हणून आधीच लिहिते, अप्पा ठणठणीत आहेत. फोनवर बोलले असते, पण घरचा फोन अप्पा उचलतात, आणि मी माझ्या मोबाइलवरून केला की तुझा तो ठरलेला निरोप येतो, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो. तुझं ते नंतर काही केल्या उजाडत नाही. पत्राला निदान मीटिंगमध्ये आहे असं सांगता येत नाही. हे तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरच्या पत्त्यावर का नाही, ते कळेलच तुला. घाई करू नकोस, सगळं वाच.

तू नवी गाडी घेतलीस आणि जुनी अप्पांना दिलीस, तो दिवस आठवतो का? आठवत असणार, कारण त्या दिवशी तू फार छान बोलला होतास. अप्पांना पुढच्या सीटवर बसवलंस, तो रस्ता दाखवणारा मधला पडदा लावलास, सीटखालच्या पेटीत नकाशाची डिस्क कशी सरकवायची ते दाखवलंस. मग ते छोटंसं घराचं चित्र दाबून म्हणालास, अप्पा, यात मी माझ्या बंगल्याचा पत्ता घालून ठेवलाय, कधीही वाटलं की एवढंच दाबायचं, ही यंत्रातली बाई बोलत बोलत तुम्हाला माझ्या दारात आणून सोडेल. बागेकडच्या खिडकीची खोली तुमचीच आहे, असंही म्हणालास. अप्पा त्याआधी एकदाच तुझ्याकडे येऊन गेले होते, तूच नेऊन आणलं होतंस. मी आलेच नव्हते, मला कोणी बोलावलं नव्हतं. पण त्या खिडकीचं वर्णन मी इतक्यांदा ऐकलंय की तिच्या कड्या कुठे आहेत तेही सांगू शकेन. अप्पांनी अख्ख्या गल्लीला सांगून झालं, थंडी सरली की मी सोन्याकडे राहायला जाणार. त्यांनी जन्मभर लोकांचे चष्मे बनवले आणि आता त्यांचीच नजर गेली, म्हणून गाडी मी चालवणार. बॅगसुद्धा भरून ठेवली होती. मी इथे त्यांच्या औषधपाण्याला, जेवणखाण्याला आहे, ते जाऊ दे. मी काय, घरातलीच.

आणि नेमका पडदा रुसला. बटण दाबलं की एकच ओळ, डिस्क वाचता येत नाही. मी तुला निरोप पाठवला, अरे, पत्ता कळव, मी विचारत विचारत नेते. तुझं उत्तर आलं, गाडीत आहेच की, ताई. त्यापुढे हसरा चेहरा. दुसऱ्यांदा विचारलं तरी तेच. अप्पांना म्हटलं तर ते माझ्यावरच डाफरले, पत्ता कशाला हवाय तुला, त्याने घालून दिलाय ना! यंत्र नीट करायचं सोडून नसते उद्योग.

मग सुरू झाले तुझे रविवार. एरवी तुझा फोन म्हणजे बरे आहात ना, गोळ्या घेता ना, ठेवतो. पण पडदा बिघडला आणि तुला वाचा फुटली! अर्धा अर्धा तास बोलायला लागलास. अप्पा घरचा बिनतारी फोन कानाला लावून गाडीत बसायचे आणि मी दारातून बघायचे. आधी म्हणालास, बंद करून पुन्हा लावा. मग, डिस्क उलटी गेली असेल, छापील बाजू वर हवी. मग, मऊ कापडाने पुसा. मग फ्यूज बघा. फ्यूज कुठे असतो ते शोधता शोधता माझी नखं तुटली आणि फ्यूज शाबूत निघाला. त्यानंतर तू थंडीचं काढलंस. थंडीत आतल्या भिंगावर वाफ धरते म्हणे, हीटर लावून काचा बंद करून बसा आणि गाडी तापली की मग लावा. अप्पा स्वेटर घालून त्या भट्टीत घामाघूम होऊन बसायचे. मी म्हटलं, निदान स्वेटर तरी काढा. तर म्हणाले, मध्येच दार उघडलं तर ऊब जाईल.

एकदा मात्र लागला हं पडदा. मी भांडी घासत होते, अप्पांची हाक आली, अगं ये, ये लवकर! मी तशीच ओल्या हातांनी धावले, तोवर पुन्हा तीच ओळ. पण नकाशा आला होता म्हणे, बाण आला होता, आणि बाई बोललीसुद्धा. काय बोलली ते त्यांना सांगता येईना. नुसतं बोलली गं, बोलली, करत राहिले. मला घरात लोक अगं म्हणूनच हाक मारतात, पण त्या दिवशीचं ते अगं मला फार आवडलं.

मग तू बॅटरी काढलीस. म्हणजे काढायला सांगितलीस. बॅटरीची तार सोडून ठेवा, एक दिवस तशीच राहू दे, डोकं ताळ्यावर येतं यंत्राचं. त्या रविवारी सांगितलंस, पुढच्या रविवारी पुन्हा आठवण केलीस, आणि तिसऱ्यांदा तर मला फोनवर बोलावून बजावलंस, ताई, तू स्वतः सोड ती तार, अप्पांना जमणार नाही. तू माझ्याशी आपणहून बोललास याचंच मला एवढं अप्रूप वाटलं की मी पाना घेऊन उभी राहिले. ते काम तेवढं अडलं गंजलेल्या नटामुळे. नट हलेना, म्हणून गाडी रेडिओवाल्याकडे नेली.

तो महा बडबड्या माणूस. आधी म्हणाला वायर गेली, मग म्हणाला पेटी गेली, मग चहा पिऊन आला आणि म्हणाला काहीच गेलं नसेल. पण बॅटरीचं ऐकून त्याने हात झटकले. या जातीच्या पेटीत तार सोडली की साठवलेले सगळे पत्ते पुसले जातात, म्हणाला. घराचं चित्र राहील, आत पत्ता राहणार नाही. हे गाडीच्या मालकाला माहीत असतं, गाडीच्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. मला तेव्हा तुझा रागही आला नाही बघ. म्हटलं, आहेच वेंधळा, विसरला असेल. किती मी शहाणी!

मग त्याने डिस्क उजेडात धरली आणि शिट्टी वाजवली. तिच्यावर गोल गोल ओरखडे होते, मधल्या भोकापासून कडेपर्यंत. यावर भांडी घासलीत का, असं त्याने मला विचारलं. डिस्क पुसायची ती आतून बाहेर, सरळ. गोल पुसली की नेमक्या वाचायच्या रेघेवरच चरे पडतात. मी काही बोलायच्या आत अप्पांनी हात पुढे केला. खिशातून त्यांचा तो पिवळा फडका काढला, दुकानातला, आणि हवेत पुसून दाखवलं. अंगठा आणि दोन बोटं, गोल, गोल, गोल. चाळीस वर्षं भिंगं अशीच पुसली त्यांनी. तू पुसा म्हणालास, तर हे रोज पुसत होते रे, दोन्ही वेळा, जेवणाआधी हात धुतल्यासारखे. बिघाड आधी किती होता देव जाणे, पण तिची पुरती वाट अप्पांनीच लावली, प्रेमाने. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, म्हणजे मीच. मी म्हटलं, जाऊ द्या हो अप्पा, डिस्कच ती. पण ते फडका घडी घालत राहिले, घर येईपर्यंत.

रेडिओवाल्यानेच मग मोडीत निघालेल्या तसल्याच एका गाडीतून दुसरी डिस्क आणली. पेटीतल्या भिंगाला फुंकर मारली, डिस्क सरकवली, आणि बाई बोलली. घराचं चित्र दाबलं तर तुझ्या रस्त्याचं नाव आलं. अप्पा म्हणाले, सोन्याला कळवू नकोस, आपण अचानक दारात उभे राहू. इस्त्रीचा शर्ट घातला. बॅग मागच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टाही लावला.

वाटेत एक नवा मोठा रस्ता लागला, तो त्या जुन्या नकाशात नव्हताच. पडद्यावर आमचा बाण कोऱ्या जागेतून चालला होता आणि बाई सारखी मागे वळा, मागे वळा म्हणत होती. मी हसले. अप्पा म्हणाले, ऐक तिचं, तिला घर माहीत आहे. मी नाही ऐकलं, पुढे जाऊन वळले. ती आपोआप गप्प झाली आणि पुढे अगदी दारात नेऊन म्हणाली, आपण पोहोचलात.

फाटकावर दुसऱ्याच कोणाचं नाव होतं, सोन्या. आत मुलाची तीनचाकी सायकल. दार उघडलं त्या बाई बिचाऱ्या फार चांगल्या होत्या. मी तुझं नाव घेतलं तर म्हणाल्या, अहो, त्यांनी तर आम्हाला कधीच विकला हा बंगला. दुसरा हिवाळा आमचा इथला. भला माणूस, पडदेसुद्धा ठेवून गेला. तुमचे कोण ते? मी तोंड उघडलं, तेवढ्यात अप्पा म्हणाले, ओळखीचे. जरा पाणी मिळेल का? बागेकडच्या खिडकीत लहान मुलाचे कपडे वाळत होते. अप्पांना एवढं लांबचं दिसत नाही, हे त्या दिवशी बरंच झालं. पाणी उभ्यानेच प्यायले, पेला पुसून परत दिला, आणि आम्ही निघालो.

गाडीत म्हणाले, जुनं यंत्र आहे, चुकलं असेल. अरे, मी ओरडले रे त्यांच्यावर! भर रस्त्यात गाडी थांबवून ओरडले. म्हटलं, यंत्र नाही चुकलं, तुमच्या लाडक्याने तुम्हाला शेंडी लावली. त्यांनी माझा खांदा थोपटला आणि म्हणाले, असेल काही अडचण, त्याला विचारू नकोस हं, ओशाळेल पोरगा.

बंगला विकलास याचा मला राग नाही. नोकरी गेली असेल, बायकोशी बिनसलं असेल, काय ते तुझं तुला ठाऊक. सांगितलं असतंस तर तुझ्यासाठी जीव टाकला असता आम्ही. मला राग आहे तो त्या अर्ध्या अर्ध्या तासांचा. मी पाणीपुरवठ्याच्या तक्रारीच्या खिडकीत बसते, विसरलास का? आज या टेबलावर जा, उद्या त्या टेबलावर जा, अमुक कागद आणा, तमुक शिक्का आणा, माणूस थकून घरी जाईपर्यंत टोलवायचं, हेच मी दिवसभर करते. आणि माझ्याच घरात, माझ्याच भावाने, माझ्याच बापाला तसंच टोलवलं आणि मी फ्यूज शोधत बसले! तो भट्टीत घाम गाळत होता आणि तू तिकडून सांगत होतास, अजून थोडं तापू दे. ज्या घरात तू राहत नाहीस तिथला रस्ता दुरुस्त करून घेत होतास. बॅटरीचं का सांगत होतास ते विचारत नाही. तू उत्तर दिलंस तर मला ते विसरता येणार नाही.

पण हे सगळं सुनावायला पत्र लिहायला बसले नाही. परवाच्या रविवारी तुझा फोन आला. मी कान टवकारून दारात उभी, तुझा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. तू विचारलंस, काय अप्पा, झालं का सुरू? आणि अप्पा म्हणाले, नाही रे बाबा, तेच येतंय, डिस्क वाचता येत नाही. मी गाडीजवळ जाऊन बघितलं. नवी डिस्क त्यांनी काढून कप्प्यात ठेवली होती आणि ओरखड्यांची जुनी पुन्हा आत सरकवली होती. तू लगेच सुरू झालास, आणि ते मान डोलवत होते, हो का, असं का, बरं बरं, करून बघतो. किती वेळ बोललात दोघं! फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, झालं नीट असं सांगितलं तर तो पुढच्या रविवारी काय बोलेल माझ्याशी? म्हणून लिहिते आहे, सोन्या. यायचं असलं तर ये, नवीन पत्ता द्यायचा असला तर अप्पांना स्वतः दे, मला निरोपात नको. ते होईल तेव्हा होईल, पण तोवर रविवार चुकवू नकोस. काहीतरी नवीन काढून ठेव. फ्यूज झालाय, हीटर झालाय. समोरच्या काचेखाली एक अँटेना असतो म्हणे, त्याचं सांग, सावकाश सांग, दोनदा सांग. फक्त बॅटरीचं पुन्हा कधी सांगू नकोस. तुझी प्रत्येक गोष्ट ते करतात, तीही करतील.

काही झालं तरी तुझीच,
ताई