हेमचंद्रची बिनपाण्याने

३ ऑक्टोबर १९८९, मंगळवार. दुपारी २.
आज हेमचंद्रने भर सलूनमध्ये, तीन गिऱ्हाइकं बसलेली असताना सांगितलं की मधूचे कल्ले कधी सारखे येत नाहीत, एक वर तर एक खाली. मालक नारीशेठही हसला. माझं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत हसलं, म्हणून कापलं. त्यात माझा दोष नाही.

शेठ अंबरनाथ पश्चिमला दुसरं सलून काढतोय. तिथली पहिली खुर्ची आम्हा दोघांपैकी एकाला. ४ डिसेंबरला प्रॅक्टिकल, तपासायला मुंबईहून मास्टर येणार. मॉडेल ज्याने त्याने आणायचा, डोक्यावर दोन महिन्यांचे केस पाहिजेत.

हेमचंद्रची बिनपाण्याने करीन तरच नावाचा मधू.

४ ऑक्टोबर.
संकल्प. रोज पहाटे पाचला वस्तऱ्याची प्रॅक्टिस. आणि त्याला हरवेपर्यंत माझ्या डोक्याला कात्री नाही. नऊ वर्षं माझे केस तो कापतो, त्याचे मी. ते आता बंद.

९ ऑक्टोबर. सकाळी ८.
पाचला उठणार होतो, कुंदाने उठवलं नाही. ती म्हणते तीनदा हाक मारली. बायको असून फितूर.

फुग्याला फेस लावून वस्तरा फिरवायचा, फुगा फुटता कामा नये. बारा आणले, अकरा फुटले. उल्हासनगरचा माल. बाराव्यात हवाच राहिना. कुंदाच्या तोंडावर फेस उडाला, त्यावर ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

११ ऑक्टोबर.
फुगे बंद. हात बसला आहे.

६ नोव्हेंबर.
दिवाळीच्या गर्दीत प्रॅक्टिस राहिली. पण आज काय डाव टाकलाय! हेमचंद्रचा मॉडेलच पळवला. पालेगावचा महिपती, झुलपं मानेपर्यंत. त्याला म्हटलं, माझ्याकडे ये, वर्षभर दाढी आणि चंपी फुकट. लगेच फिरला. हेमचंद्रचं तोंड बघण्यासारखं झालं. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

२० नोव्हेंबर.
हेमचंद्र दुसरा मॉडेल शोधतच नाही. खचला बिचारा. काम करता करता माझ्या केसांकडे टक लावून बघत असतो. नुसता जळफळाट. कुंदा म्हणते, अस्वलासारखे दिसता. दिसू दे.

३० नोव्हेंबर. सकाळी ११.
पालेगावात एक म्हातारा वारला, आज त्याचा दहावा. डोकी करायला हेमचंद्रला बोलावलं होतं. मी त्याच्या आधी, सहालाच ओढ्यावर हजर. सांगितलं, हेमचंद्रला ताप आहे. भावकीतली अकरा माणसं खाली माना घालून ओळीने बसली होती. माझा हात असा चालला की विचारू नका. सातव्या डोक्यावर केस फार होते, वस्तरा अडकत होता. तेव्हाच थांबायला हवं होतं. मधोमध पट्टा काढल्यावर त्याने मान वर केली.

महिपती. मयत त्याचा सख्खा चुलता.

अर्ध्यावर सोडता येईना. गुळगुळीत केली. कुठेही कापलं नाही, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

म्हातारा नेमका याच महिन्यात कसा गेला? यात हेमचंद्रचा हात आहे.

३ डिसेंबर.
मॉडेल मिळत नाही. जो तो म्हणतो, दिवाळीतच कापले. हरकत नाही. हेमचंद्रकडे तरी कुठे आहे? मास्टरला सगळी हकीकत सांगितली की तो त्यालाच बाद करील.

४ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.
मी हकीकत सांगायला सुरुवात केली. मास्टरने घड्याळ बघितलं आणि माझ्या नावावर रेघ मारली.

मग हेमचंद्रला विचारलं. तो म्हणाला, "माझा मॉडेल आलाय," आणि माझ्याकडे बोट केलं. बरोबर दोन महिने, कानांवरून खाली आलेले केस. मास्टर खूश. शेठ म्हणाला, "मधू, तू बैठ." बसलो. नोकरी अजून त्याच्याकडेच आहे.

हेमचंद्रने कापड बांधलं, घट्ट तर नाही ना म्हणून मानेपाशी बोट घालून बघितलं. मग हळूच विचारलं, "कल्ले नेहमीसारखेच?"

मी हो म्हणालो. नऊ वर्षांची सवय.

नंतर आरशात दोन्ही कल्ले बोट लावून तपासले. सारखे आहेत. पहिली खुर्ची त्याची.

कुंदा म्हणाली, आज माणसात आलात.

बिनपाण्याने मी करणार होतो. त्याने मात्र पाणी भरपूर मारलं. माझी कॉलर अजून ओली आहे.