भुवईवरचं बोट

एनकार्नासियोन,
रविवार दुपार

प्रिय निमिया,

मोन्तेविदेओहून आले त्याला आता बरेच दिवस झाले. तू फोनवर विचारलंस, परिषद कशी झाली, आणि मी म्हटलं, छान झाली, वारा फार होता. बाकीचं सांगितलं नाही, कारण बाकीचं बहुतेक तुझ्याबद्दलच होतं.

शिष्यवृत्ती मिळाल्याचं कळलं त्या दिवशी मी बहिऱ्यांच्या केंद्रात सगळ्यांना चीजच्या गरम चिपा वाटल्या. खुणांच्या भाषेच्या दुभाष्यांची एवढी मोठी परिषद, जाणंयेणं, राहणं सगळं त्यांचं, आणि अख्ख्या पाराग्वेतून मी एकटी. खरं सांगू? विमानात बसल्यावर पहिला विचार आला तो हा, की या वेळी तरी शेजारच्या खुर्चीवर निमिया नाही.

पहिल्या संध्याकाळी सभागृहात शिरले. खिडकीशी पाचसहा जण गप्पा मारत उभे होते आणि त्यातली एक पिकल्या केसांची बाई भुवईवरून बोट ओढत होती. खुणांतलं तुझं नाव! आपल्या व्यवसायाची हीच पंचाईत आहे, दुसऱ्यांच्या गप्पा सभागृहाच्या या टोकावरून त्या टोकापर्यंत दिसतात. जवळ गेले तर हेर्मिनियाबाई. आपल्याला शिकवायला यायच्या तेव्हा केस कसे काळेभोर होते, आठवतं? त्यांनी मला ओळखलं, गालाला गाल लावला आणि पहिला प्रश्न विचारला तो, "ती कुठे आहे?" त्यानंतर तीन दिवस तेच. जो भेटेल तो भुवईवर बोट ठेवून माझ्याकडे बघायचा, जणू मी तुला हॉटेलातच विसरून आले होते.

तुझं नावसुद्धा किती देखणं. लहानपणी झोपाळ्यावरून पडलीस, भुवईला खाच राहिली, आणि बहिऱ्या मंडळींनी त्या खाचेचंच नाव करून टाकलं. मी वर्गात पहिल्या दिवशी उशिरा आले म्हणून माझं नाव मनगटावरचं घड्याळ. वीस वर्षं झाली, अजून मी उशिरा आलेलीच आहे.

तुझे आईबाबा दोघंही बहिरे. बोलायला लागण्याआधी तुझे हात बोलायला लागले होते. मी तीच भाषा आरशासमोर बसून घोटली. तुमच्या घरी जेवायला यायचे, तुझे बाबा म्बेजूच्या धिरड्याचा तुकडा तोंडात धरून दोन्ही हातांनी विनोद सांगायचे, तुम्ही तिघं हसायचात आणि मला विनोद कळेपर्यंत ताटं उचलली गेलेली असायची. घरी जाताना वाटायचं, माझेही आईबाबा बहिरे असते तर. असलं कुणी मनात आणतं का? पण मी आणायचे.

आणि मग बाबांचं ते आजारपण. इस्पितळात दुभाषी नव्हता, आणि मी, नेहमीसारखी, पोचले तोवर तू काम सुरू केलं होतंस. डॉक्टर बोलत गेले आणि तू त्यांचं बोलणं तुझ्याच बाबांना सांगत गेलीस. मी गार तेरेरे चहाचा थर्मास घेऊन दारात उभी होते. बाबांनी विचारलं, किती दिवस? तेही तू डॉक्टरांना विचारलंस आणि उत्तर त्यांना सांगितलंस. हात एकदाही अडखळले नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणालीस, "मिर्ता, यापुढे मी कुणाचे हात होणार नाही," आणि सरळ कोन्सेप्सियोनला मावशीच्या बेकरीत निघून गेलीस. लोक हळहळले. मीही. पण त्या दारात उभी असताना, निमिया, त्या तसल्या वेळीही माझ्या मनात येऊन गेलं की हे मला इतकं सुंदर जमलं नसतं.

परिषदेत माझं भाषण इस्पितळातल्या दुभाष्यांवरच होतं. चांगलं झालं. शेवटी बोलिव्हियाच्या एका तरुण मुलीनं विचारलं, आशा उरली नाही हे रोग्याला कसं सांगायचं? मी आधी भुवईवरून बोट ओढलं, मग तू काय केलंस ते करून दाखवलं. खाटेच्या कडेवर बसलीस, हात बाबांच्या डोळ्यांच्या रेषेत आणलेस, त्यांनी मान वर करेपर्यंत थांबलीस, आणि मग हात छातीशी धरून, लहान लहान खुणांनी सांगितलंस. सगळं सभागृह बहिऱ्यांच्या रीतीनं दोन्ही हात उंच करून हलवत राहिलं. एवढी टाळी मला आजवर मिळाली नव्हती, आणि मिळाली ती तुझी होती. नंतर हेर्मिनियाबाईंनी पाठीवर थोपटलं. म्हणाल्या, "तू सांगतेस फार छान." करतेस, असं नाही म्हणाल्या.

आता हे सगळं आजच का लिहायला घेतलं ते. मंगळवारी तुझी आई केंद्रात आली होती, ठेवणीतला ब्लाउज घालून. तिच्या काही तपासण्या झाल्यात. तुला कळवलं नाही, रागावू नकोस. येत्या गुरुवारी डॉक्टर सांगणार आहेत. त्या खोलीत दुभाषी म्हणून तिला मी हवी आहे. क्षणभर मला जिंकल्यासारखं वाटलं, लपवत नाही. विचारलं, मीच का? आई हसली. हातांनी म्हणाली, "तुझे हात जड आहेत, पण चालतील. निमियाला ये म्हणावं, पण कामाला नको. तिला तिथे मुलगी राहू दे." तुला लिहायलाही तिनंच सांगितलं.

हे पत्र आज रात्रीच्या बसनं पाठवतेय, तू बुधवारच्या बसनं ये. डॉक्टरांचं मी बघेन. अडखळले तरी मध्ये पडू नकोस, माझ्याकडे बघूसुद्धा नकोस. तू आईच्या शेजारी बस आणि तिच्या खांद्यावर हात ठेव. मला ठेवता येणार नाही, माझे हात कामात असतील.

तुझीच,
मिर्ता