कमलच्या मावशीचं हसणं

शनिवार, १२ नोव्हेंबर २००५, दिग्रस

आज आमच्या लेखनाच्या बैठकीत कमलने अनुवाद वाचला. तिच्या मावशीने बंजाऱ्यांच्या गोरबोलीत सांगितलेली गोष्ट, मराठीत. कापसाची जिनिंग बंद पडल्यापासून आम्ही तिथल्या रिकाम्या ऑफिसात बसतो, प्रत्येक शब्द घुमतो. आखूड, कोरडी वाक्यं. माझ्याच धाटणीची. "सर, ही तुमचीच शाळा!" कुणीतरी म्हणालं आणि मला बरं वाटलं. बरं का वाटावं?

मावशीला मी एकदाच ऐकलं आहे. तांड्यावर, बाहेर बाजेवर बसून. ती आत बायकांना सांगत होती. शिव्या देत, भरकटत, मध्येच स्वतःच हसत सुटत. ते हसणं अनुवादात कुठेच नव्हतं.

चहाच्या वेळी कमलला विचारलं, "मावशीचं हसणं कुठं गेलं?"

"काढलं, सर. इथं कापतातच नं. म्हटलं, घरूनच कापून न्यावं."

"पहिला खर्डा आहे?"

"फाडला. तुमीच तं सांगतलं, गाळलेलं जपू नका."

सांगितलं होतं. दर शनिवारी सगळ्यांनाच सांगतो. पण ते स्वतःच्या लिखाणाबद्दल. मावशीचं हसणं म्हणजे माझं एखादं विशेषण नव्हे.

सोमवारी ती हे मासिकाकडे पाठवणार. छापलं की गोष्ट तेवढीच उरेल. मी म्हटलं, "थांब, पाठवू नको. उद्या तांड्यावर येतो. मावशीला पुन्हा सांगायला लावू, तू सगळं उतरून घे."

ती घुटमळली. मग म्हणाली, "मी एकटीच जातो, सर. तुमच्यासमोर मावशी नुसतं हो नाहीतं नाही म्हणते."