आखितीची तिसरी घागर

अहो,

एकतीस वर्षांच्या संसारात तुम्हाला पत्र लिहायची वेळ कधी आली नाही. आता लिहिते आहे, कारण परवा गावाहून परत आले आणि तीन वर्षं छातीवर बसलेलं एक ओझं उतरलं. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू? तुम्ही गोदामातून आणलेल्या बियाण्याच्या रिकाम्या पिशव्यांवरची अक्षरं जुळवून मी वाचायला शिकले, तेव्हा हसायचात. आता वाचनालयातली जाड पुस्तकं संपवते. तेव्हा माझं अक्षर वाकडं असलं तरी समजून घ्या.

तुम्ही गेल्यापासून मी गावाकडे फिरकले नव्हते. भीती तुमच्या दादांची. तुम्हाला अग्नी गावच्या शेतात द्यावा, असं त्यांच्या मनात होतं. मी नको म्हटलं, जालन्यातच उरकू. मे महिन्याचं ऊन, दवाखान्यात गेलेले दिवस, मला आणखी फरफट नको होती. जाऊबाईंकडून तसा निरोप दिला. दादा तेराव्याचं जेवले आणि माझ्याकडे न बघता निघून गेले.

तसे ते माझ्याशी बोलले होते तरी कधी? थोरला दीर आणि धाकटी भावजय यांनी तोंडावर बोलायचं नाही, ही तुमच्या घरची रीत. चहा पाहिजे असला तरी ते तुम्हाला सांगायचे आणि तुम्ही मला. तुमच्यामागे आमचे निरोप कोण पोचवणार, हे कधी मनात आलं का तुमच्या? मी तर त्या मुकेपणाला राग समजून बसले.

यंदा जाऊबाईंचाच फोन आला. "कुरडया घालायच्यात आन् माझे गुडघे बसू देत न्हाईत. ये बाई. किती दिवस तिकडं लपून बसशील?"

मी गेले. जाफराबादपर्यंत एसटी, पुढे जीप. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून शेतं नांगरून पडलेली, रस्त्यावर सावली नाही. घर जवळ आलं तसा मी पदर डोक्यावर ओढून घेतला. दादा ओट्यावर होते. मला पाहून उठले आणि मागच्या दारानं गोठ्यात गेले. झालं, म्हटलं. दोन दिवस कुरडया घालायच्या, अक्षय्य तृतीयेला आखितीचं जेवायचं आणि परत यायचं.

आखितीच्या सकाळी दादांनी ओसरीत पाट मांडला. पितरांच्या घागरी आणल्या, पाणी भरलं, वाळा टाकला, वर एकेक आंबा ठेवला. मी दारात उभी राहून बघत होते. एक मामंजींची, एक आत्याबाईंची. तिसरी घागरच नव्हती.

माझ्यावर राग असू दे, पण सख्ख्या भावाला पाणी द्यायचं नाही?

मी जाऊबाईंना हळूच विचारलं. त्यांनी कसला हळू आवाज, दादा चार हातांवर असताना ओरडून विचारलं, "अव्हो, ती विचारून राह्यली, भाऊजींची घागर कुठंय?"

दादा पाटाकडे बघतच म्हणाले, "तिला म्हणाव, ती जालन्याला भरते ना?"

"भरते न्हवं गं तू?"

"मी कुठं भरते? पितरांची घागर थोरल्या घरी भरतात. मला वाटलं, इथं भरत असतील."

"आन् मला वाटलं," दादा अजून पाटाशीच बोलत होते, "त्याला जालन्याला ठेवलंय, मंग पाणी बी तिकडंच देत असंल. आपण कशाला मधी पडायचं?"

जाऊबाई आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. मग कपाळावर हात मारून घेतला. "म्हंजे माझा दीर तीन उन्हाळे तहानलेला? आन् तुमी दोघं माझ्या हातानं टपाल धाडून राह्यले? बोला की एकमेकांशी. आता कोण मारून राह्यलंय तुमाला?"

दादा वळले. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघून माझं नाव घेतलं. "सुमित्रा, मी रागावलो न्हवतो. मला वाटलं, तूच रागावली. त्याला गावाकडं न्यायचा हट्ट मी धरला म्हणून."

मी पदर तोंडाला लावला आणि नाही म्हणून मान हलवली.

ते तडक मोटरसायकल काढून जाफराबादला गेले. सणाच्या दिवशी घागरी कुठून उरणार? तास-दीड तासानं आले ते भलामोठा माठ घेऊन, खाली नळाची तोटी असलेला. जाऊबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. "तोटी कशाला आणली वो? भाऊजी काय सोताच्या हातानं पाणी घेऊन पिनारेत का?"

"तीन सालाचं मावायला पायजे ना," दादा म्हणाले, आणि मला म्हणाले, "तू भर. तुझा हक हाय."

एवढ्या बायका विधवा होतात, किती जणींना हे ऐकायला मिळतं? मी हापशावरून चार कळश्या आणून ओतल्या. वाळा टाकला. आंबा दादांनी ठेवला. आणि खरं सांगू? जालन्यात तीन उन्हाळे आधी तुम्हाला न देताच मी खुशाल आंबे खाल्ले होते. त्या दिवशी रसाचा पहिला घास तोंडात गेला, तेव्हा त्याची माफी मागितली तुमची.

तुम्ही मात्र आधीच एकदा आम्हाला समोर बसवून बोलतं करायला हवं होतं. मधल्या माणसाचा मान तुम्हाला आवडत होता, मला माहीत आहे.

काल दादांच्या नंबरवर मी स्वतः फोन लावला. हॅलो, हॅलो झालं. मी ठेवणारच होते, तेवढ्यात ते म्हणाले, "जेवलीस का?"

"जेवले. तुम्ही?"

"मी बी."

एवढंच बोललो. पण दर रविवारी मी फोन लावीन, आणि दादा हयात आहेत तोवर हे बोलणं मधल्या माणसावर सोडणार नाही. हे वचन घ्या माझं.

तुमची,
सुमित्रा