शेवटच्या टेकूच्या पुढे

प्रिय मनोहर,

फोनवर तू दोन वाक्यं बोलतोस आणि फोन स्मिताच्या हातात देऊन मोकळा होतोस, म्हणून हे पत्र. बायकोला पुढे करून आईला टाळणारा तू पहिला नाहीस, तुझा बापही तेच करायचा. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर तुला माहीत आहे. सावकाश वाच आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच चिडून फाडू नकोस.

इथे परदेशात, वुडलँड्सला, तुझ्या सारंगचा फ्लॅट नवव्या मजल्यावर आहे. ऋचा मला कामाला हात लावू देत नाही, त्यामुळे बसून बसून माझे गुडघे जास्तच दुखतात. तुझी सून गुणाची आहे. आमटीत साखर घालते, पण पुण्याची आहे, त्याला कोण काय करणार. सारंग वाळलाय. रात्रंदिवस तुमच्या खाणीचं ते मशीन आणि त्याचा रिमोट, दुसरं बोलणं नाही.

गेल्या मंगळवारी त्याने मला बुओना व्हिस्टाला त्याच्या ऑफिसात नेलं. एमआरटीत, म्हणजे इथल्या लोकलगाडीत, एका चिनी पोराने उठून जागा दिली, तुझ्या वसाहतीत कोणी दिली असती का सांग. ऑफिसात एक खुर्ची आहे, समोर हा एवढा पडदा, हाताशी दोन दांडे. पडद्यावर बोगदा आणि कोळसा दिसतो. खरा नाही, शिकण्यापुरता. सारंगने मला बसवलं. मी दांडा ओढला आणि मशीन सरळ भिंतीत घातलं. पोरं हसली. मशीनचा चुराडा झाला आणि कोणी मेलं नाही. ही गोष्ट मला फार बरी वाटली. पन्नास वर्षं खाणीच्या वसाहतीत काढली, असं कधी ऐकलं नव्हतं.

मग त्यांनी समजावलं. तू छातीशी बांधतोस तो रिमोट घेऊन वीस पावलं मागे उभं राहायचं, टेकू लावलेल्या छताखाली. मशीन एकटं पुढे जाणार, कोळसा भरून आणणार. पुढचं छत बसलं तर लोखंड मरेल, माणूस नाही. एवढंच त्याचं शहाणपण, आणि ते थोडं नाही. ही चाचणी तुझ्याच खाणीत व्हावी म्हणून सारंगने वर्षभर साहेबांचं डोकं खाल्लं. का खाल्लं ते तो सांगत नाही. मी विचारलंही नाही.

नंतर मशीनवरच्या कॅमेऱ्याने महिनाभरात टिपलेलं चित्र लावलं. मशीन थांबतं. बाजूने एक माणूस पुढे येतो, छातीशी रिमोट, हातात काठी. शेवटचा टेकू ओलांडतो. उघड्या छताखाली उभा राहून काठीने वर ठोकतो, दुसरा तळवा छताला लावतो, मान वळवतो आणि ऐकत राहतो. मग मागे जातो. महिन्यातल्या सहा दिवसांत मिळून सात वेळा. धुळीने तोंड दिसत नव्हतं, टोपीवरचा नंबरही नाही. साहेबांनी विचारलं, हा कोण? सारंग म्हणाला, ओळखू येत नाही. त्याने पाण्याची बाटली तोंडाला लावली ती खाली ठेवलीच नाही.

डावा पाय फेकत चालणारा आणि ठोकल्यावर तळवा लावून ऐकणारा माणूस मी नाही ओळखणार? तो तळवा तुला कोणी शिकवला? अंगणातल्या रांजणावर काठी मारून, भरीव कसं वाजतं आणि पोकळ कसं, हे तुझा बाप तुला शिकवत होता तेव्हा मी तिथेच भांडी घासत होते.

परत येताना गाडीत सारंग म्हणाला, आजी, ते बाबा नव्हते. मी म्हटलं, मी विचारलं का तुला?

आता एक सांगते, तेहेतीस वर्षं सांगितलं नाही. तुझा बाप गेला तेव्हा सगळे म्हणाले, नशीब. तो तीन हात पुढे गेला होता छत ठोकायला. तो तसा जातो हे मला आधीपासून ठाऊक होतं. त्याच्याच पाळीतला विमलचा नवरा दोन महिने आधी घरी येऊन म्हणाला होता, वहिनी, साहेबांच्या कानावर घाला, त्याला वर बत्तीघरात घेतील. मी गेले नाही. छताचा डॉक्टर म्हणायचे त्याला, त्या तोऱ्यात चालायचा. बत्तीघरात लंगड्यालुळ्यांबरोबर दिवे मोजायला बसवला असता तर घरी येऊन माझं जगणं नको केलं असतं. त्या भीतीने मी गप्प बसले. तू बावीसचा होतास. त्याच्या जागी तुला उतरवलं, तेव्हाही गप्पच बसले.

म्हणून हे पत्र. त्याच मंगळवारी दुपारी, ते चित्र बघून झाल्यावर, आम्ही ऑफिसखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, जेवायला गेलो. सारंग माझ्यासाठी बिनमांसाचं काही मिळतं का बघत रांगेत उभा होता. माझ्या शेजारी त्याचा साहेब निशिकांत बसला होता, आपल्यातलाच, मराठी बोलणारा. त्याला मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, पाळीसुद्धा. हेही सांगितलं की तुमच्या मशीनला डोळा दिलात, कान दिला नाहीत, म्हणून तो ऐकायला पुढे जातो. त्याने ते लिहून घेतलं, पण त्याने तुझी जागा वाचणार नाही. थोड्या दिवसांत तुला वर बोलावतील, रिमोट काढून घेतील, निवृत्तीपर्यंत दिवे मोजायला बसवतील. तुला वाटेल पोराने बापाला धरून दिलं. त्याने नाही दिलं. तो तुझ्यासाठी साहेबाच्या तोंडावर खोटं बोलला, आणि ते त्याला अजिबात जमत नाही. मी सांगितलं हे त्याला अजून माहीत नाही, उद्या मीच सांगणार आहे. त्याच्याशी बोलणं टाकू नकोस, माझ्याशी टाक. मी दिवाळीला येईन तेव्हा घरात धडधाकट बसून अबोला धर. मला चालेल.

तू नाही म्हटलंस तरी तुझीच,
आई