एकदाच जायचं दार

८ एप्रिल १९३१
देवाच्या कृपेनं रोकास्पिनात, डोंगरावरच्या या गावात, सुखरूप पोचलो. सपाटीवरच्या त्या कोंदट खोलीनंतर हे दगडी घर म्हणजे महालच. माझ्या नवऱ्याच्या, क्विंतोच्या, उबेर्तोकाकांनी बोलावून घेतलं, म्हातारपणी सोबत हवी म्हणून. खिडकीतून घंटाघर दिसतं, त्यामुळे प्रार्थनेची वेळ चुकायची नाही. घराला दारं दोन. मोठ्याला एकोणीस उंच पायऱ्या. पायऱ्यांच्या पायथ्याशी, खालच्या कोठीला, एक अरुंद दार, रस्त्यापासून कमरेइतकं वर, दगडांनी चिणलेलं. इथल्या प्रत्येक जुन्या घराला ते असतंच. मेलेल्याला तेवढं तिथून बाहेर काढतात आणि पुन्हा चिणतात. समोरच्या आर्जियामावशी हसून म्हणाल्या, "पोरी, त्या दारानं एकदाच जायचं, तेही आडवं." बाळी माझ्या कडेवरून सगळ्यांना टाळ्या वाजवून दाखवत होती.

१६ एप्रिल
काका गेले, झोपेतच. दार फोडून त्यांना तिथून नेलं. नेल्लो गवंडी लगेच चिणायला बसला होता. मीच म्हटलं, राहू दे आठवडाभर, कोठीला हवा लागेल. मावशींनी बजावलं, उघडं ठेव हवं तर, पण जित्या जिवानं त्यातून आत यायचं नाही. असल्या समजुतींना धर्मात जागा नाही, असं मी मनात म्हटलं.

२० एप्रिल
पाऊस. हातात घागर, कडेवर बाळी. पायऱ्या जिवावर आल्या. बाळीला त्या दारातून आत कोठीत ठेवलं. मी स्वतः मात्र पायऱ्यांनीच गेले. का, ते लिहायची लाज वाटते.

२२ एप्रिल
बाळी रडत नाही. दूध मागत नाही. अंग हौदाच्या दगडासारखं गार. क्विंतोला सांगितलं, दात येतायत.

२४ एप्रिल
मावशींना आडून विचारलं, कुणा दुसरीचं म्हणून. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. उपाय सोपा आहे म्हणाल्या. आईनं रविवारी मिस्सानंतर चर्चच्या पायरीवर चारचौघांत कबूल करायचं, लेकराचं नाव मोठ्यानं घ्यायचं. मग बापानं त्याला मोठ्या दारानं आत आणायचं. "तिला म्हणावं लाज गिळ, नाहीतर ते दार पोर गिळेल."

२६ एप्रिल, रविवार
पायरीवर उभी राहिले. कालच बायकांनी मे महिन्याची जपमाळ सांगायचा मान मला दिला होता. पाद्री म्हणाले, किती गुणी लेकरू, आवाज म्हणून नाही. बायका म्हणाल्या, आई तशी लेक. मी तोंड उघडलं. म्हणाले, दात येतायत.
मावशींनी मान फिरवली.

२८ एप्रिल
क्विंतोनं पाळणा माळ्यावर टाकला. रिकामा, उगाच जागा अडवतो म्हणाला. बाळी त्यात होती —
चढून खाली आणलं. वजन टोपड्याएवढं.

२९ एप्रिल
भर चौकात ओरडून सांगितलं. सगळं. मीच ठेवलं — मला ठाऊक असून ठेवलं — लोक जमले. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर — मावशींनी माझा हात धरला. हळूच विचारलं, "पोरी, तुला मूल कधी झालं?"

३० एप्रिल
नेल्लो दार चिणतोय. क्विंतोनं बोलावलंय त्याला. बाळी पलीकडे, रस्त्यावर — टाळ्या ऐकू येतात. नावानं हाक मारली तर वळेल. मागची पानं चाळली. सगळीकडे नुसतं बाळी, बाळी — त्या रविवारी जिभेवर होतं माझ्या. अगदी जिभेवर. दोन दगड राहिलेत. एक. तिचं नाव —