कमानीतला बसलेला दगड

मंगळवार, संध्याकाळ. क्रांती चौकाजवळची लॉज.

आज ठरवूनच निघाले होते, की इथल्या जुन्या दरवाज्याचं चित्र शेवटचं. चाळीस वर्षं गावोगाव फिरून किल्ले, घाट, देवळं रंगवली आणि आता हात थरथरतो. झाडं-डोंगरांत ते अजून निभावून जातं, पण इमारतीची रेघ लगेच उघडं पाडते. कमान तीनदा पुसली. डोळे भरून आले, कशाला खोटं लिहू?

दरवाज्याची डागडुजी करणारे शेख मिस्त्री चहाला खाली उतरले होते. मागं उभं राहून बघत होते. म्हणाले, "बाई, कमान तरी कुठं सरळ हाय? डावीकडचा दगड बघा, बोटभर खाली बसलाय. तरी दरवाजा उभा हाय ना!"

पाहिलं. खरंच बसलाय तो दगड. आजवर असे किती दगड मी चित्रात सरळ करून टाकले असतील? मग पुसणं सोडलं आणि हात चालेल तशी कमान काढली, त्या बसलेल्या दगडासकट. कितीतरी महिन्यांनी जीव रमला.

चित्र त्यांना देऊ केलं, तर नको म्हणाले. "मला त्यात काढा, बास." मी इमारतीच्या चित्रात माणसं कधीच काढत नाही. पण ते दरवाज्याला बांधलेल्या बांबूंच्या परांचीवर चढले आणि मी दोन फटकारे मारले. खाली येऊन त्यांनी कागद निरखला आणि हसले. "व्हय, मीच हाय."

केवढं देऊन गेला माणूस! उद्या वेरूळला जाते, रंग-कागद घेऊन. पहिल्याच बसनं.